वाईट बातमीसाठी योग्य हॉटेल

वाक्य तीनच शब्दांचं होतं. "माझी नोकरी गेली." हिशेबनीस आरशासमोर टायची गाठ बांधता बांधता ते मनातल्या मनात घोकत होता. पहिल्या दोन शब्दांना काही अडचण नव्हती. तिसऱ्यापाशी आला की हात आपोआप गाठ आवळायचा आणि ठसका लागायचा.

"पाणी आणू का?" बायकोनं आतून विचारलं.

"नको. टाय आहे."

नोकरी जाऊन बरेच दिवस झाले होते. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कंपनीत त्यानं अर्धं आयुष्य जमाखर्चाचा मेळ घालण्यात घालवलं होतं. एका सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की आता हे काम संगणकच करणार आहे. हिशेबनीस "बरं, साहेब" म्हणाला, खुर्ची नीट आत सरकवली आणि घरी आला. "आज लवकर?" असं बायकोनं विचारल्यावर तो म्हणाला, "हो, काम नव्हतं." हे खोटं नव्हतंच. पण त्या दिवशी पुढचं बोलायचं राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी घरातून निघाला आणि नेहमीच्या वेळी परतला. तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी तो दमलेलाही दिसायचा. दमायला काम लागतंच असं नाही, हे त्याला या वयात नव्यानं कळत होतं.

सांगायचं तर होतंच. पण घरात सांगायची त्याची छाती होत नव्हती. बायको दातांच्या दवाखान्यात स्वागतिका होती. भेदरलेल्या पेशंटांना आत बोलावून बोलावून तिचा आवाज असा खणखणीत झाला होता, की ती घरात रागावली तर शेजारच्यांना आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायचं. आणि आज आयती संधी आली होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिनं शहराबाहेरच्या एका भारी हॉटेलात दुपारच्या जेवणाचं टेबल धरलं होतं. तिथं जे शेतात पिकतं तेच ताटात येतं, आणि तिथं लोक इतक्या हळू बोलतात की चमच्याचाही आवाज होत नाही, असं तिनंच त्याला सांगितलं होतं. हिशेबनिसानं हिशेब केला. जिथं चमच्याचा आवाज होत नाही तिथं बायकोचाही होणार नाही.

हॉटेलचं नाव 'माती' होतं. बायको गेला आठवडाभर दवाखान्यात सगळ्यांना आनंदानं सांगत होती, "आम्ही रविवारी 'माती' खायला जाणार आहोत." हिशेबनिसाला दर वेळी वाटायचं, मी आधीच खाऊन बसलोय.

बसमधून उतरल्यावर बरंच चालावं लागलं. वाटेत त्यानं एकदा प्रयत्न केला.

"अगं, ऐक ना. एक सांगायचं होतं."

"तिथं गेल्यावर सांगा. आत्ता माझे सँडल चावतायत."

फाटकाशी एक तरुण स्वागतिका उभी होती. चेहऱ्यावर देवमाणसाची शांती, अंगात जाडाभरडा तपकिरी एप्रन, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. तिनं दोघांचे हात हातात घेतले.

"इथं कुणी गिऱ्हाईक नाही, कुणी नोकर नाही," ती हलकेच म्हणाली. "आपण सगळी मातीची लेकरं. आधी शेतात जायचं, आपली भाजी आपण काढायची, मग ती आपल्याला वाढली जाते. बूट, कोट, फोन सगळं इथं ठेवा. काका, तो टायसुद्धा. मातीला गाठी आवडत नाहीत."

हिशेबनिसानं टाय सोडला. तो कंपनीचाच टाय होता, त्यामुळे आपल्याला दुसऱ्यांदा कामावरून काढल्यासारखं त्याला वाटलं. मग दोघांना एप्रन, गमबूट आणि गवती हॅट मिळाली. एप्रन सगळ्यांचे सारखे, गिऱ्हाइकांचेही आणि कामगारांचेही. फरक फक्त हॅटचा होता. गिऱ्हाइकाच्या डोक्याला ऊन लागू नये एवढी काळजी मातीच्या लेकरांतही घेतली जात होती.

बायकोची हॅट आखूड काठाची निघाली. "माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय हो," ती म्हणाली. हिशेबनिसानं लगेच आपली हॅट काढून दिली; तिची त्याच्या डोक्यावर बसेना, म्हणून ती फाटकाशीच परत ठेवली. हल्ली तो तिला कशालाच नाही म्हणत नव्हता. कपाट पुसायला, पडदे धुवायला, तिच्या मावसबहिणीला भेटायलासुद्धा तो मुकाट जायचा. नवरा एकाएकी एवढा चांगला का झाला, असा संशय दुसऱ्या एखाद्या बाईला आला असता. हिला वाटलं, वय झालं.

गाजराच्या वाफ्यात दोघं गुडघ्यांवर बसली. आजूबाजूला कुणी नव्हतं. हिशेबनिसानं श्वास घेतला.

"अगं, माझी..."

"हे गाजर ओढण्याआधी त्याचे आभार मानायचे," स्वागतिका मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "हे थंडीत पेरलंय. त्याच्यावर कुणी कधीच ओरडलेलं नाही. म्हणून ते गोड आहे."

"काय सांगता!" बायको भारावून म्हणाली. "ऐकलंत ना?"

हिशेबनिसानं ऐकलं. ज्याच्यावर कुणी ओरडलेलं नाही अशा त्या गाजराचा त्याला मनापासून हेवा वाटला. तेवढ्यात स्वागतिकेनं बायकोला टोमॅटो दाखवायला काचघरात नेलं आणि त्याला सांगितलं, "काका, तुम्ही बिटाच्या वाफ्यात जा. थोडा वेळ एकटं राहा. माती बोलेल तुमच्याशी."

मातीऐवजी मुकादम बोलला. त्या बिचाऱ्याचा दिवस सकाळपासूनच फिरलेला होता. साप्ताहिक सुट्टीवरून भांडण होऊन निम्मे कामगार एप्रन फेकून निघून गेले होते, शेतातले आणि वाढपीही. एजन्सीनं बदली माणसं पाठवतो म्हणून कबूल केलं होतं आणि एकाचाही पत्ता नव्हता. अशा वेळी त्याला बिटाच्या वाफ्यात बिनहॅटचा, एप्रनवाला, रिकामटेकडा उभा असलेला एक माणूस दिसला.

"काका, एजन्सीकडून ना तुम्ही?"

हिशेबनीस गोंधळला. टेबल बायकोनं धरलं होतं, कुठून आणि कसं ते त्याला ठाऊक नव्हतं. "असेल," तो म्हणाला. "बायकोनं ठरवलंय सगळं."

"चांगलं केलं वहिनींनी. ही टोपली उचला, किचनमध्ये टाका आणि लगेच परत या. अजून दोन वाफे पडलेत."

पलीकडे हॅट घातलेले एक डॉक्टरसारखे दिसणारे गृहस्थ मोठ्या भक्तिभावानं कोबी कापत होते. पैसे देऊन राबण्याचीच ही जागा आहे, हे हिशेबनिसाला पटलं. त्यानं टोपली उचलली. परत आला. दुसरी उचलली. तिसऱ्या टोपलीला त्याच्या लक्षात आलं, की डॉक्टरसारखे गृहस्थ केव्हाच सावलीत जाऊन सरबत पीत बसलेत आणि आपण मात्र टोपल्या वाहतोय. म्हणजे आपण 'नाही' म्हणायला हवं होतं. त्यानं मुकादमाकडे पाहिलं.

"काय हात चालतोय काका तुमचा!" मुकादम म्हणाला. "नाहीतर एजन्सीवाले एकेक नमुने पाठवतात."

आता हे ऐकल्यावर तोंडातून 'नाही' कसं निघावं? कितीतरी दिवसांत त्याला कुणी काम सांगितलं नव्हतं. 'हे इथं ठेवा, ते तिथं न्या' एवढं साधं वाक्यसुद्धा ऐकलं नव्हतं. बिटाची टोपली जड होती, कंबर दुखायला लागली होती, आणि तरी त्याला खूप बरं वाटत होतं. इतकं बरं, की त्याला मधेच रडू आलं. ते त्यानं घामात मिसळून पुसलं.

किचनमध्ये शेफ सगळ्यांवर ओरडत होता. गाजरांवर ओरडायची बंदी असल्यामुळे बहुधा सगळं माणसांवर येत होतं. त्यानं हिशेबनिसाच्या हातात सोलणं दिलं. हिशेबनीस बिटं सोलायला बसला. आयुष्यभर आकड्यांना रांगेत उभं करायची सवय. त्यानं सोललेली बिटंही आकारानं लहानापासून मोठ्यापर्यंत लावून ठेवली.

"हे कुणी केलं?" शेफ ओरडला.

हिशेबनीस उभा राहिला. "मी. चुकलं का?"

"चुकलं? माझ्या किचनमध्ये इतकं नीट कुणी कधी केलेलं नाही! हात धू. वाढपी कमी आहेत. हे सूप खिडकीजवळच्या टेबलावर ने. आणि नेल्यावर मटारची हकिकत सांग."

"कसली हकिकत?"

"तो कुठं वाढला, काय भोगलं, ते. दोन वाक्यं सांग आणि मान लववून परत ये."

इकडे बायको टेबलाशी एकटीच बसून होती. तिच्यासमोर एका काळ्या दगडावर एकच मुळा ठेवलेला होता आणि त्याच्या बाजूला मातीसारखं दिसणारं काहीतरी पसरलं होतं. ते खायचं असतं असं स्वागतिकेनं सांगितलं होतं.

"आमचे हे कुठंयत?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"ते अनुभवात खूप खोल गेलेत," स्वागतिका म्हणाली. "त्यांना हाक मारू नका. काही माणसांना खूप वर्षांनी माती भेटते."

"ते बँकेच्या रांगेतसुद्धा असेच हरवतात," बायको म्हणाली आणि तिनं मुळा खाल्ला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवरा बिटाबरोबर रमलाय, याचं तिला वाईट वाटायला लागलं होतं.

हिशेबनीस ताटल्या घेऊन हॉलमध्ये आला. आपली बायको कुठं बसलीय ते आधी बघावं, सूप ठेवावं आणि जाऊन पटकन सांगून टाकावं असा त्याचा बेत होता. आता त्याला थोडा धीरही आला होता. पण खिडकीजवळच्या टेबलापाशी पोचला आणि जागीच थबकला. तिथं साहेब बसले होते. तेच साहेब. एप्रन घातलेले, गमबूट घातलेले, शेजारी बाईसाहेब.

साहेबांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा दुधाच्या पिशवीसारखा पांढरा पडला.

"तुम्ही? इथं?"

"हो, साहेब," हिशेबनीस म्हणाला. सवयच होती. साहेबांनी काहीही विचारलं की त्याच्या तोंडून आधी 'हो, साहेब' निघायचं, अर्थ मागून यायचा. हातात ताटल्या होत्या, म्हणून त्यानं पुढचं काम उरकलं. "हा मटार. हा... पलीकडच्या वाफ्यात वाढला. त्यानं पुष्कळ भोगलं."

बाईसाहेबांनी चमचा खाली ठेवला. "अहो, कोण हे?"

"हे आमचे... आमचे हिशेबनीस होते," साहेब कसेबसे म्हणाले.

"म्हणजे तेच? ज्यांना तुम्ही काढलंत?" बाईसाहेब मोठ्या मनाच्या होत्या, आणि आवाजही मनाला शोभेल एवढा होता. "अगंबाई! आणि आता ह्या वयात ताटल्या उचलतायत! आम्ही इथं यांच्या बढतीचं जेवण जेवतोय आणि तुम्ही... मला घास कसा जाणार हो आता? तुमच्या मिसेसचं काय? त्या काय म्हणाल्या?"

"तिला अजून सांगितलेलं नाही," हिशेबनीस पुटपुटला.

"काय? नोकरी गेली हे बायकोला सांगितलेलंच नाही?"

शहराबाहेरच्या त्या हॉलमध्ये खरोखरच चमच्याचासुद्धा आवाज होत नव्हता. त्यामुळे हे वाक्य एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. ज्या तीन शब्दांसाठी हिशेबनीस इतके दिवस झुरत होता, ते एका परक्या बाईनं एका दमात उरकून टाकले. दोन टेबलं सोडून एक हॅट हळूच वर झाली.

बायको उठली. ती येताना गमबुटांचा पचक पचक आवाज होत होता आणि तेवढाच आवाज हॉलमध्ये होता. ती येऊन समोर उभी राहिली. हिशेबनिसानं खांदे आखडून घेतले. पण ती ओरडली नाही. तिनं त्याच्या नखांतली माती पाहिली, बिटानं लाल झालेले हात पाहिले, मनगटावर तोललेली ताटली पाहिली.

"तुम्ही इथं काम करता?" तिनं अगदी हळू विचारलं.

हिशेबनिसानं ताटली सावरली.

"रोज इथं येत होतात? इतक्या लांब? शेतात राबायला?" तिचे डोळे भरून आले. "आणि मी संध्याकाळी तुम्हाला पडदे धुवायला लावत होते."

"ताई, ह्यांना काही बोलू नका," किचनच्या दारातून मुकादम कळवळून म्हणाला. "एजन्सीनं आजवर पाठवलेल्यांत एवढा कामाचा माणूस मी पाहिला नाही."

बाईसाहेबांनी नाकाला रुमाल लावला. स्वागतिकेनं छातीवर हात ठेवला. हिशेबनिसानं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी माणसं त्याच्याकडे आदरानं बघत होती. काही बोलायची गरजच नव्हती. नुसती मान खाली घातली असती तरी भागलं असतं. घर वाचलं असतं, अब्रू वाचली असती, आणि उद्यापासून खरोखरच इथं यायलाही मुकादमाची ना नव्हती. एरवी असं आयतं खोटं समोर आलं तर माणूस देवाचे आभार मानून ते उचलतो. पण बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते आपण कमावलेलं नाही हे त्याला सहन होईना.

"नाही गं," तो म्हणाला. "मी इथं काम नाही करत. आपण इथं जेवायला आलोय."

"काय?" मुकादम म्हणाला.

"मग रोज कुठं जाता?" बायकोनं विचारलं.

"वाचनालयात. मोठ्या बागेसमोरच्या. वर्तमानपत्रांच्या खोलीत बसतो संध्याकाळपर्यंत."

"काय करता तिथं?"

"नोकरीच्या जाहिराती वाचतो. त्या लगेच संपतात. मग शब्दकोडी बघतो. ती कुणीतरी आधीच सोडवलेली असतात. बरोबर सोडवलीत का, ते तपासतो."

बायकोनं हॅट काढून टेबलावर ठेवली. मग तिचा आवाज खरोखर फुटला, पण तो ओरडण्याचा नव्हता.

"मी रोज पहाटे उठून तुमच्या डब्यात गाजर घालते. दिवसभर आकडे बघावे लागतात, डोळे जातील म्हणून. ते गाजर तुम्ही... शब्दकोडी तपासायला खाल्लंत?"

"हो," हिशेबनीस म्हणाला. "जिन्यात बसून. पण सगळं खाल्लं."

पुढचा काही वेळ फारच वाईट गेला. हा कामगार नसून गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर मुकादम खुर्चीवर बसला तो उठेना. त्याचं दुःख निराळंच होतं. "म्हणजे तुम्ही उद्या येणार नाही?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. शेफ बाहेर येऊन माफी मागून गेला आणि जाताना, बिटं तशी लावायची काही खास पद्धत आहे का, असं विचारून गेला. स्वागतिका मात्र डगमगली नाही. आमच्या इतिहासात एवढा खोल अनुभव कुणालाच मिळाला नव्हता, असं ती आजूबाजूच्या टेबलांवर सांगायला लागली. तेव्हा ते डॉक्टरसारखे गृहस्थ उठले आणि, आम्हाला नुसता कोबी का दिला, म्हणून तिच्याशी वाद घालायला लागले.

हिशेबनीस आणि बायको आपल्या टेबलाशी समोरासमोर बसली. पानावर एक भाजलेला बटाटा आला, त्याची सविस्तर हकिकत आली, दोन पानं कोशिंबीर आली. दवाखान्यातली खणखणीत बाई नुसती बटाट्याकडे बघत होती. हिशेबनिसाला वाटलं, ओरडली असती तर फार बरं झालं असतं. ओरडण्याला कुठंतरी शेवट असतो.

"नोकरीचं नाही वाटत मला," शेवटी ती म्हणाली. "नोकऱ्या जातात. आमच्या डॉक्टरांचा भाऊ दोनदा घरी बसला. पण मी रोज विचारत होते ना तुम्हाला, कसा गेला दिवस? तुम्ही म्हणायचात, ठीक. मी ते 'ठीक' खरं मानून शांत झोपत होते. मला एकटीला झोपवलंत तुम्ही. स्वतः जागे राहिलात."

"घाबरलो होतो," हिशेबनीस म्हणाला.

"कुणाला? मला?"

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "तुला कमी. तुझ्या डोळ्यांतून मी कसा दिसेन, त्याला जास्त."

बायकोनं पदार्थ चाखायला दिलेल्या त्या इवल्याशा चमच्यानं बटाट्याचे दोन भाग केले आणि मोठा भाग त्याच्याकडे सरकवला. "मी आज तुमच्याशी बोलणार नाही," ती म्हणाली. "उद्याही नाही बहुतेक. पण जेवून घ्या. गार होतंय."

दोघं जेवली. जेवण खरंच चवदार होतं आणि त्याचंही दोघांना वाईट वाटलं.

निघताना बायको पुढं जाऊन फाटकाबाहेर उभी राहिली. हिशेबनीस बूट घ्यायला आत गेला, तर बाकावर साहेब एकटेच बसले होते. त्यांचा गमबूट पायात अडकला होता आणि निघत नव्हता. हिशेबनिसानं खाली बसून टाच धरली आणि ओढायला सुरुवात केली.

"राहू द्या हो," साहेब म्हणाले, पण पाय मागं घेतला नाही. थोड्या वेळानं त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुम्हाला काढलं ना, त्यानंतर लवकरच माझंही झालं."

हिशेबनिसाच्या हातून टाच सुटली. "तुमचं? तुमचं काम संगणक कसं करणार, साहेब?"

"माझं काम तुमच्यावर लक्ष ठेवायचं होतं. तुम्हीच नाही म्हटल्यावर कुणावर ठेवणार?"

"पण बाईसाहेब तर म्हणत होत्या, बढती..."

"मी तिला म्हटलं, एक महत्त्वाचं सांगायचंय, आपण चांगल्या ठिकाणी जेवायला जाऊ. तिनं बढतीच धरली. माहेरी फोनसुद्धा करून टाकले." साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "आज सांगणारच होतो. चांगलं हॉटेल आहे, इथं ती चिडणार नाही, असा विचार केला होता. म्हटलं, सूप येऊ दे. सूप आल्यावर सांगतो. तर सूप तुम्ही घेऊन आलात."

ज्या माणसापुढं आयुष्यभर हात बांधून उभं राहायचं, त्याचा पाय मांडीवर घेऊन त्याची कीव करायची वेळ यावी, हे त्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. बाहेरून बाईसाहेबांचा आवाज आला. त्या हिशेबनिसाच्या बायकोची समजूत घालत होत्या. "पुरुष असतात हो असे काही. आमच्या ह्यांचं मात्र तसं नाही. पोटात काही राहत नाही त्यांच्या."

साहेबांनी डोळे मिटले. गमबूट एकदाचा निघाला.

"साहेब, आज घरी जाऊन सांगून टाका," हिशेबनीस म्हणाला. "माझं ऐका. दिवस गेले की वाक्य मोठं होत जातं."

"हो. सांगतो," साहेब म्हणाले. बोलताना त्यांची नजर त्याच्याकडे नव्हती. त्यांनी आपले बूट चढवले, नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "ते वाचनालय... सकाळी किती वाजता उघडतं?"

हिशेबनिसानं दाराबाहेर पाहिलं. बायको पाठ करून उभी होती. पण निघून गेलेली नव्हती.

"नऊला, साहेब," तो म्हणाला. "आतल्या खोलीत, खिडकीशी एक खुर्ची आहे. उद्यापासून ती मोकळी असेल."